पाहुणा घरात असेपर्यंत

परत आल्यापासून रत्नागिरीत जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, वेरूळ-अजिंठा कसं वाटलं?" मी खरं ते सांगतो. अजिंठ्याची पाटी पाहिली, जाताना एकदा आणि येताना एकदा. वेरूळची तीही नाही. यावर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग सुलभाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, काळजीनं बघतो. छत्रपती संभाजीनगरात चार दिवस राहून एकही लेणं न बघता परतलेला माणूस आमच्या आळीत तरी मी पहिलाच असणार. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं, म्हणून हा खटाटोप. मात्र तिथं जे झालं ते मला पुरतं कळलं आहे असा माझा दावा नाही.

सुलभा सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. नर्सिंग शिकतानाची तिची मैत्रीण रझिया संभाजीनगरात असते, तीही निवृत्त. तिथल्या काही निवृत्त नर्स आणि एक तरुण डॉक्टरबाई मिळून जानेवारीत रक्तदाब तपासणीची मोहीम काढणार होत्या. रस्त्यावर टेबल मांडायचं, येईल त्याचा बीपी मोजायचा आणि वाढलेला निघाला तर पुढं काय करायचं ते समजावून सांगायचं, असा बेत. रझियाचा फोन आला, "सुलू, हात कमी पडायलेत, ये. आणि भाईसाबना पण घेऊन ये." हे शेवटचं काही मला उमगलं नाही. रक्त हा शब्द ऐकला तरी मला खुर्ची लागते. पण "तुम्ही खुशाल लेणी बघा," असं सुलभा म्हणाली आणि मी स्वेटर भरला.

सिडको की मध्यवर्ती

आमची गाडी पुढं जालन्याला जाणारी होती. पहाटे कंडक्टर "मध्यवर्ती, मध्यवर्ती" असं ओरडला, तेव्हा ते कुठलं तरी उपनगर असेल असं समजून मी शाल ओढून घेतली. थोड्या वेळानं मागच्या सीटवरचे आजोबा "औरंगाबाद आलं का?" म्हणाले, त्यांच्या शेजारचा मुलगा "संभाजीनगर मागंच गेलं की, हे सिडको हाय" म्हणाला, आणि मी घाबरून सुलभाला हाताला धरून खाली उतरवलं. रझिया अर्थातच मध्यवर्ती बसस्थानकावर उभी होती. थंडीत कुडकुडत आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "शहागंजमंदी कुठून, घड्याळाकडून का मंडईकडून?" मी म्हटलं, "जिकडून जवळ असेल तिकडून." तो म्हणाला, "जवळ कुठूनच नाय." मग सुलभानं रझियाला फोन लावला आणि पुढचा रस्ता त्या दोघांनीच ठरवला. मला कुणी काही विचारलं नाही.

रझियाचं घर शहागंजच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली तिच्या नवऱ्याचं, इस्माईलभाईंचं, गाद्या-रजयांचं दुकान. इस्माईलभाई दारातच उभे होते. उंचेपुरे, पांढरी दाढी, आणि त्या दाढीत कापसाचे इतके तंतू अडकलेले की दाढी कुठं संपते हे सांगणं अवघड. त्यांनी माझ्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावून घेतली.

"ठिकाण चुकलं तर चुकू द्या, घर नाय चुकलं, बास झालं," ते म्हणाले. "आता घरात हाय तवर पाहुण्यांनी फक्त हुकूम करायचा."

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार का?" तो नको म्हणाला तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि मनातून जरा बरंही वाटतं. इथं मी नको म्हटल्यावर सगळं घर हसलं. "हमारा भी वोच शब्द है, नक्को," रझिया म्हणाली, "पण खाण्याच्या बाबतीत चालत नाय." पुढ्यात नान-खलिया आला. मोठ्या पिवळट नानचा तुकडा मोडायचा आणि मटणाच्या लालभडक रश्शात बुडवून खायचा. सकाळी सकाळी हे खायचं असतं का, हा प्रश्न मला पहिल्या घासापर्यंतच पडला. नंतर मी "पुरे" म्हणत राहिलो आणि इस्माईलभाई वाढत राहिले. या माणसाला कुठला शब्द चालतो हे मला त्या दिवशी कळलं नाही.

शहागंज

टेबल दुकानासमोरच मांडलं होतं. लेण्यांचं विचारायला मी तोंड उघडणार, तोच सुलभानं मला चार प्लास्टिकच्या खुर्च्या दाखवल्या. "इथं माणसं येऊन बसतील. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं त्यांना गप्प बसवायचं. चालून आलेला किंवा बोलणारा माणूस असला तर आकडा उगाच वर जातो. पाय जमिनीला, पाठ टेकलेली, आणि तोंड बंद. एवढं तुम्हाला जमेल."

जमेल असं मलाही वाटलं, पण माणसं आली तर ना. गल्लीत धावपळ खूप होती, सगळ्यांच्या हातात हंडे, ड्रम आणि निळे पाइप होते आणि घरोघरी मोटारी घरघरत होत्या. एका बाईला मी नम्रपणे म्हटलं, "ताई, बीपी तपासून घ्या." ती पाइप खेचत म्हणाली, "आज नळाला पाणी हाय वो! बीपी उद्या बी ऱ्हातो." किती दिवसांनी पाणी आलं असं मी विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विचारलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी जाईना म्हणून माणूस वैतागतो, इथं पाण्याचा दिवस हा सणासारखा असतो. डॉक्टरबाई जांभया देऊ लागल्या. मी स्वतःलाच पाच मिनिटं गप्प बसवून पाहिलं.

समोर दुकानात इस्माईलभाई रजईला टाके घालत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय पाहुणे, बोहनी झाली का नाय?"

दिवसातल्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो, ते बोहनी म्हणतात, एवढं मला माहीत होतं. "अजून नाही," मी म्हटलं.

"मेहमान आमच्या दारात दुकान मांडून बसलाय आन् बोहनी नाय? नक्को, नक्को, असं नाय चालणार." ते सुई रजईत खोचून उठले, रस्ता ओलांडून आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. "करा बोहनी."

रझिया टेबलाशी उभी होती. ती हातातल्या बाटलीचं झाकण लावत होती, ते लावायचंच थांबली. मग तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं आणि सुलभाला नुसती खूण केली.

इस्माईलभाईंना गप्प बसवणं हे त्या चार दिवसांतलं माझं सर्वांत अवघड काम. जाणारा-येणारा प्रत्येक जण त्यांना सलाम करत होता किंवा "क्या चाचा, तबियत?" विचारत होता, आणि उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी घड्याळ पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लावत होतो. शेवटी मी त्यांच्यासमोर रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे त्यांना कुणी दिसू नये. मग ते गप्प बसले आणि माझ्या स्वेटरकडे बघत राहिले.

सुलभानं मोजलं. दुसऱ्या हातावर मोजलं. थोडं थांबून परत मोजलं. मग डॉक्टरबाईंनी स्वतः मोजलं. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढं होता.

"काका, डोकं दुखतं? छातीत काही? दिसायला अंधूक?"

"कायबी नाय. डबल गादी एकटा उचलतो मी."

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की त्रास होत नसला तरी हा आकडा चांगला नाही, उद्या परत मोजू, आणि बहुतेक गोळी सुरू करावी लागेल. इस्माईलभाईंनी बाही खाली केली, "झाली ना बोहनी?" एवढंच विचारलं आणि रस्ता ओलांडून परत गेले. त्यानंतर नळ गेला आणि माणसांची रीघ लागली. आपल्या बोहनीमुळंच गिऱ्हाईक आलं, असं ते दिवसभर समोरून ओरडून सांगत होते.

संध्याकाळी जिन्यावर रझियानं मला थांबवलं. "भाईसाब, सगळ्या शहराच्या दंडाला पट्टा बांधला मी. यांनी मला कधी हात लावू दिला नाय. यांच्या भाईजानला लकवा झाला, तेव्हापासून तर बीपीचं नावच नाय काढू देत."

"मग आज कसे बसले?"

"तुम्ही बसला होता ना." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "मेहमानाचा शब्द यांना मोडता येत नाय. त्याची दुकानदारी रिकामी बघवत नाय. म्हणून तर तुम्हाला बोलवलं. सुलू बाई हाय, तिला उडवून लावलं असतं."

म्हणजे मला लेण्यांसाठी नव्हे, गळाला लावण्यासाठी आणलं होतं आणि सुलभाला ते ठाऊक होतं. मला आधी राग आला. मग आपला काहीतरी उपयोग आहे असं वाटून बरं वाटलं. मग राग यायला हवा होता की नाही, तेच समजेना. जेवताना मी इस्माईलभाईंच्या नजरेला नजर दिली नाही. ते मात्र "पाहुण्यांना अजून वाढ" म्हणत होते.

छावणी

दुसऱ्या दिवशी मोहीम छावणीत, बाजाराच्या तोंडाशी. इथले रस्ते रुंद, झाडं जुनी, आणि भिंतींना नुकता चुना दिलेला. शहागंजहून आल्यावर कुणीतरी आवाज बारीक केल्यासारखं वाटतं. इथं माणसंही भरपूर आली. एका गृहस्थाला मी माझ्या हिंदीत विचारलं, "आपको प्रेशर है क्या?" त्यांनी संकोचून इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "था, अभी घर से करके आया." सुलभानं मला त्यानंतर हिंदी बोलायला बंदी केली.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. पाच मिनिटं गप्प बसा असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि लगेच बोलायला सुरुवात केली.

"आमच्या मालकाला गोळी लागली वो."

छावणी, भिंतीपलीकडे लष्कर, आणि बाईंचा तो आवाज. मी उठून उभा राहिलो. "कधी?"

"दिवाळीच्या तोंडावर."

"कुठं होते तेव्हा?"

"कुठं म्हंजे? घरीच. सकाळी उठले, च्या घेतला आन् लागली गोळी. तवापासून रोज."

"रोज? आजी, आता ते..."

"ते बगा, तिकडं भेळ खायलेत."

खरोखरच पलीकडच्या गाड्यावर एक टोपीवाले आजोबा भेळ खात होते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हसून लाल झाला. त्याचाही बीपी आता पुन्हा पाच मिनिटांनी मोजावा लागणार होता. गोळी लागणं म्हणजे औषधाची गोळी कायमची मागं लागणं, हे त्यानं मला समजावून दिलं. इथं सगळे असंच म्हणतात म्हणे.

"एकदा लागली की सुटत नाय," आजी म्हणाल्या. "माणूस बरा झाला आसता तर सुटली नसती का?"

सुलभाकडून ऐकलेलं मी सांगितलं, की गोळी चालू आहे म्हणून तर आकडा खाली राहतो, बंद केली की पुन्हा चढतो. आजींनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बरं कधीच व्हायाचं नाय. मग खायची कशापायी?" उत्तर माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं, पण आजींच्या समोर ते बसेना. त्यांचा आकडा चांगला निघाला. त्या खूश होऊन भेळेकडे गेल्या, आणि मी त्या प्रश्नासकट खुर्चीत बसून राहिलो.

संध्याकाळी डॉक्टरबाई रझियाकडे चहाला आल्या आणि त्यांनी इस्माईलभाईंना पुन्हा मोजलं. आकडा तिथंच. त्यांनी गोळी लिहून दिली, काय खायचं, मीठ किती कमी करायचं ते सांगितलं आणि पंधरवड्यानं दवाखान्यात यायला सांगून त्या गेल्या. रझियानं गोळ्यांची पट्टी आणून चहाच्या टेबलावर ठेवली. पट्टीकडे कुणी बघेना. इस्माईलभाई तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"भाईजानला गोळी लागली," ते शेवटी म्हणाले, "आन् त्याच थंडीत लकवा झाला. बोलणं गेलं. मला बघितलं की नुसतं रडायचा. चांगला हिंडता-फिरता माणूस होता, गोळी लागायच्या आधी."

"गोळी सोडली होती त्यांनी," रझिया दारातून म्हणाली. "बरं वाटायलंय म्हणून सोडली. मी सांगत होते."

"तू गोळीच्या बाजूनं बोलणार."

हे भांडण त्या घरात पुष्कळदा झालं असावं, कारण दोघांनीही आवाज चढवला नाही. मी मधे बसलो होतो. विश्वास माझा रझियावर होता, नर्सवर ठेवायचा असतो. पण ज्यानं भावाला तसं पाहिलं त्याला तुम्ही चुकीचं बघितलंत असं कसं म्हणायचं, हे मला कळेना. मग अचानक, माझ्याच आवाजात, मी स्वतःला बोलताना ऐकलं.

"इस्माईलभाई, पाहुण्यानं हुकूम करायचा, असं तुम्ही म्हणाला होता. मी अजून एकही केलेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, कुणी कशासाठी कुणाला बोलावलं तेही. मला इतकी लाज वाटली की मी शब्द मागं घेणार होतो.

"ही दगाबाजी हाय, पाहुणे," ते हळू म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"ठीक हाय. माझा पण एक शब्द. पाहुणा घरात हाय तवर गोळी घेणार. पाहुणा उठला की गोळी बी उठली. मग मला कुणी बोलायचं नाय. तिनं बी नाय."

रझियानं पाणी आणून दिलं. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि गिळली. रझिया आत गेली आणि लगेच स्वयंपाकघरात काहीतरी मोठ्यानं पडलं. आम्ही परवा निघणार होतो. एवढा हुकूम करून मी कमावल्या होत्या मोजून तीन गोळ्या.

सोयगाव

तिसऱ्या दिवशी जीप भरून आम्ही मोहिमेसाठी सोयगावला निघालो. तिथल्या ओळखीच्या जिनिंगवाल्याकडे रजयांसाठी रुई बघायची म्हणून इस्माईलभाईही आले. निघताना त्यांनी गोळी घेतली, माझ्यासमोर, पट्टी मला दाखवून. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. काळ्याभोर रानात वेचणीला आलेला कापूस फुटलेला होता. आमच्या तांबड्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना हा काळा रंग आधी जळल्यासारखा वाटतो, मग आवडायला लागतो. पुढं ती अजिंठ्याची पाटी आली. मी सुलभाकडे पाहिलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

घाट उतरताना इस्माईलभाई गप्प होते. त्यांना गप्प बघायची मला सवय नव्हती, पण मी त्यात काही वाचलं नाही. सोयगावच्या बाजारात जीप थांबली, ते खाली उतरले, दोन पावलं चालले आणि जीपच्या चाकाला धरून खाली बसले.

"गोळी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. "पाहुणे, गोळी."

क्षणात गर्दी जमली. "लो झाला! बीपी लो झाला!" कुणीतरी ओरडलं. "लिंबू-मीठ आना, बिगी बिगी." बाजारातल्या माणसांची माया अशी की विचार करायच्या आत रसवंतीवरून ग्लास आला, त्यात लिंबू पिळलेलं आणि मीठ मूठभर. कुणीतरी तो माझ्या हातात दिला. काल दिवसभर ज्यानं लोकांना मीठ कमी खा म्हणून सांगितलं, तो मी तो ग्लास इस्माईलभाईंच्या ओठांना लावला. सुलभानं माझा हात इतक्या जोरात बाजूला केला की अर्धा ग्लास माझ्या स्वेटरवर सांडला.

"आधी मोजू द्या!"

मी बाजूला सरकलो. माझ्या एका हुकुमानं हा माणूस मरतोय, आणि मी त्याच्या बायकोला काय तोंड दाखवणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. रझिया त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली होती. पट्टा तिच्याच हातात होता. तिनं तो त्यांच्या दंडाला बांधला आणि या वेळी त्यांनी हात काढून घेतला नाही.

"लो नाय," ती म्हणाली. "वरच हाय. पण कालच्यापेक्षा कमी."

डॉक्टरबाईंनी त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, हसून दाखवायला लावलं, नाव-गाव विचारलं. इस्माईलभाईंनी सगळं केलं. सांगितल्यावरून हसणं त्यांना जमलं नाही, पण दोन्हीकडचा ओठ सारखा वाकडा झाला, म्हणजे लकवा नव्हता, आणि तेच हवं होतं.

"सकाळी काय खाल्लं, काका?"

"काय नाय."

"का?"

त्यांनी मान खाली घातली. "रात्रभर झोपलो बी नाय. गोळी आत काय करती ते बघत बसलो होतो."

रझियानं कपाळाला हात लावला आणि एकदम रडायलाच लागली. आयुष्यभर दवाखान्यात काढलेली बाई भर बाजारात रडत होती आणि इस्माईलभाई तिला "अगं, लोक बघायलेत" म्हणत होते. मी स्वेटर पुसत राहिलो.

मग जिनिंगवाल्याच्या घरी आम्हाला बसवलं. भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, कांद्याची पात. भरीत असं की आमच्याकडचं वांगं ही वेगळी भाजी आहे असं समजावं. रझियानं इस्माईलभाईंच्या ताटातला ठेचा आणि लोणचं उचललं. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चेहऱ्यावर रंग आला. मी डॉक्टरबाईंना हळूच विचारलं, चक्कर गोळीनं आली की घाटानं की उपाशीपोटी?

"कशानंही," त्या म्हणाल्या. "घाट, उपास, जागरण, भीती. गोळीचा थोडा हात असेल तर तेही बघू. पण गोळी सोडायची नाही."

मला वाटलं होतं की निदान त्यांना तरी नक्की माहीत असेल.

परतीच्या वाटेवर पुन्हा ती पाटी आली, तेव्हा सूर्य मावळत होता. इस्माईलभाई माझ्या शेजारी बसले होते. "उद्या तुम्ही जाणार," ते म्हणाले. "उद्याची सकाळची घेतो. शब्द म्हंजे शब्द. पुढं माझा मी." आवाजात राग नव्हता. त्यांनी ते फक्त ठरवून टाकलं होतं. मागच्या सीटवर रझिया जागी होती की झोपली होती, हे अंधारात दिसलं नाही.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि पट्टी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, देणं फिटल्यासारखी. मी आणखी राहावं असं कुणीच म्हणालं नाही, आणि तेच मला खटकलं. या घरात पाहुण्याला सोडत नाहीत. पण आता राहा म्हणणं म्हणजे काय मागणं हे सगळ्यांना माहीत होतं. रझिया आमची बॅग अगदी सावकाश भरत होती. भरलेला कपडा बाहेर काढायची, पुन्हा घडी घालायची. सुलभा तिच्याशेजारी बसून तेच करत होती. आमच्या परतीच्या जागा आरक्षित होत्या, रत्नागिरीला सुलभाची आई शेजाऱ्यांच्या भरवशावर होती. किती दिवस राहिलो असतो? आठ? आणि नवव्या दिवशी काय झालं असतं? कुणाच्या घरी किती दिवस राहिलं म्हणजे त्याचा जीव वाचतो, असा हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदा करत होतो, आणि तो सुटत नव्हता.

या वेळी आम्ही मध्यवर्तीवरच गेलो. इस्माईलभाईंनी बॅग उचलली, मला हात लावू दिला नाही. गाडी लागली होती. रझिया आणि सुलभा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. इस्माईलभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांना काय सांगावं याची मी जिन्यापासून जुळवाजुळव करत होतो. गोळी घ्या म्हणावं, तर शब्द मोडल्यासारखं. तब्येतीला जपा म्हणावं, तर काहीच न म्हटल्यासारखं. कंडक्टरनं घंटा मारली, माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, आणि कुणाच्याही दारातून निघताना तोंडातून जे आपोआप निघतं तेच निघालं.

"बरं, येतो."

मी पायरीवर चढलो. मागून रझियाचा आवाज आला, एकदम चढलेला.

"काय म्हणाले भाईसाब?"

मी वळलो. "येतो म्हटलं."

"ऐकलं का?" ती नवऱ्याकडे वळली. चार दिवसांत तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. "येतो म्हणाले. जातो नाय म्हणाले."

"समदे तसंच म्हणतात," इस्माईलभाई म्हणाले. "बोलायची पद्धत हाय ती."

"पद्धत असू दे. पाहुणा जातो म्हणाला का? तोंडानं म्हणाला का? नाय. मग पाहुणा गेला नाय."

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो तर ते बिघडेल आणि नाही बोललो तरी बिघडेल, असं मला वाटलं. गाडी हलली. ते तिथंच उभे होते, दाढीत कापूस, आणि ओठ पुटपुटत होते, जणू दोन्ही शब्द म्हणून बघत होते. त्यांनी हात वर केला तो निरोपाचा होता की नुसताच वर गेला होता, हे मला खिडकीतून समजलं नाही. वाटेत सुलभाला मी विचारलं, "काय करतील ग ते?" तिनं फोन काढून हातात धरून ठेवला. तिला मी इतकं घाबरलेलं क्वचित पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीत मी तोंड धूत होतो तेव्हा फोन वाजला. सुलभानं धावत येऊन तो माझ्या ओल्या हातात दिला आणि कानाला कान लावून उभी राहिली.

"पाहुणे," इस्माईलभाई म्हणाले. मागं शहागंजचा कलकलाट ऐकू येत होता. "खरं सांगा. कुठं हाय तुम्ही?"

मी खिडकीतून आमच्या परसातल्या माडांकडे पाहिलं. खोटं बोलायचं की खरं, आणि यातलं खोटं कुठलं, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

"तुमच्याकडंच," मी म्हटलं.

सुलभाची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"मग बसा," ते म्हणाले. "तुम्ही चहा घ्या. मी गोळी घेतो."